चालून दाखव

माझ्या चपला पुढून झिजतात. बाकीच्यांच्या टाचेकडून झिजतात, माझ्या अंगठ्याखाली आधी भोक पडतं, कारण माझं पाऊल नीट उचललं जात नाही, जमिनीवरून ओढलं जातं. गुडघे मोकळे होत नाहीत. वळायचं असेल तर मी आधी थांबते, मनातल्या मनात वळते आणि मग पाय वळवते. रोह्याला मी ज्या शाळेत मराठी शिकवते तिथे मुलांनी माझं नाव 'इस्त्रीबाई' ठेवलंय. त्यांना वाटतं मला ते माहीत नाही. पाय कडक इस्त्री केल्यासारखे, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत स्वभावही तसाच, तेव्हा नाव चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मुलांनी निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी बरोबर लिहिलंय बाकावर.

पाय असे का झाले, याचा निकाल आमच्या पेणच्या घरात फार पूर्वी लागला होता. वडिलांची पोह्यांची भट्टी होती, आता धाकटा भाऊ चालवतो. भात भिजवायचा, निथळायचा, भाजायचा आणि गरम असतानाच चेपून त्याचे पोहे करायचे. मी तान्ही असताना आई भट्टीवर राबायची. आगीजवळ उकडायचं, म्हणून ती मला लांब, भिजल्या भाताच्या गोण्यांवर निजवायची. तिथे गार लागायचं आणि मी गुमान झोपायचे. पुढे मी शाळेत वरच्या वर्गात गेले आणि पाय ताठरायला लागले. धावताना पडायचे, दोरीवरच्या उड्या जमेनात. तेव्हा कुणीतरी शेजारीण आईला म्हणाली, "लहानपणी गारठ्यात ठेवलेलीस काय गो हिला?" झालं. आईला गोण्या आठवल्या आणि त्या दिवशी गुन्हेगार सापडला.

तिने तो गुन्हा लपवला मात्र नाही. कुणी माझ्या पायांकडे नुसतं पाहिलं तरी ती स्वतःहून सांगायची, "तिच्या पायात गारठा शिरला. मीच निजवायची ओल्यावर. माझी चूक, तिची काय नाय." पाहुण्यांना सांगायची, भाजीवालीला सांगायची, माझ्या वर्गशिक्षिकेला तर शाळेच्या फाटकात गाठून सांगितलं होतं. वडील पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना सगळं ऐकू जायचं. ते हो म्हणायचे नाहीत की नाही म्हणायचे नाहीत, फक्त पान उलटायचे.

चुकीवर आईचा उपाय होता उंडीचं तेल. हिरवट, दाट, आणि वास असा की नंतर दोन दिवस माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. वाटीत कोमट करून ती माझे पाय चोळायची, करपलेल्या पातेल्याचं बूड घासावं तशी. मी ओरडले की म्हणायची, "निघू दे गो, आत बसलाय तो." तो म्हणजे गारठा. लग्नानंतरही मी माहेरी गेले की चहाच्या आधी तेलाची वाटी यायची. मला नातवंडं व्हायची वेळ आली तरी हे थांबलं नव्हतं.

लग्नाचं सांगायचं तर, मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा पोहे आमच्याच भट्टीवरचे असायचे. पेणच्या भट्टीवाल्याची मुलगी, त्यामुळे पोह्यांना नावं ठेवायला कुणाला जागा नसायची. मग लोक पायांना ठेवायचे. कुणीतरी वडीलधारी बाई गोड आवाजात म्हणायची, "जरा चालून दाखव गो बाय." स्वयंपाकघराच्या दारापासून समोरच्या खिडकीपर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं. मला त्या वळण्याचा इतका राग यायचा की एकदा मी खिडकीपाशी गेले आणि वळलेच नाही, तिथेच पाठमोरी उभी राहिले. ते स्थळ अर्थात गेलं. आई प्रत्येक वेळी पोह्यांच्या बशा देता देताच आपला कबुलीजबाब देऊन टाकायची. शेवटी एक स्थळ रोह्याजवळच्या वरशाचं आलं. मुलगा धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. त्याच्या काकूने चालायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "राहू दे काकू, मला काय तिला शर्यतीत उतरवायचीय?" माझ्या घशात पोहा अडकला आणि मी खोकले. आमचं लग्न झालं ते तेवढ्यावरच, असं मी आजही मानते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पन्नाशी ओलांडली आणि पाय जास्तच हट्टाला पेटले. शाळेच्या व्हरांड्यात दोनदा आडवी झाले. तेव्हा माझी भाची आमच्याकडे राहत होती, म्हणजे भावाची मुलगी. तिला धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, आणि रोज पेणहून येण्यापेक्षा आत्याकडे राहणं सोयीचं. माझा मुलगाही तिथेच दुसऱ्या कंपनीत. दोघं एकाच गाडीवरून शिफ्टला जायची. आधी भांडत जायची, मग हसत जायला लागली, आणि मग एक दिवस गाडीवरून उतरल्यावर दोघंही एकदम गप्प झाली. मी बाई आहे आणि वर मराठीची शिक्षिका आहे. मला अर्थ विचारावा लागला नाही.

कुणाला धक्काही बसला नाही. आमच्यात मामाची मुलगी करायची चाल आहे. माझ्या वडिलांनी मामाची मुलगी केली, म्हणजे माझी आई लग्न होऊन आपल्या सख्ख्या आत्याच्याच घरी आली. आजोबांचंही तसंच. आता माझा मुलगा मामाची मुलगी करणार म्हटल्यावर आईने हातातली जपमाळ खाली ठेवली आणि म्हणाली, "माझं काम झालं." साखरपुड्याचं ठरलं, दिवाळीनंतर, पेणला, घरीच.

त्याच सुमारास भाचीने मला धरून नवी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. मेंदूचे डॉक्टर होते, तरुण, नम्र, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनी माझे गुडघे ठोकून पाहिले, तळव्यावर किल्ली ओढली, डोळ्यांत बघून विचारलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन इतक्या लवकर कसं झालं?" ते चाळिशीच्या आतच झालं होतं. मी म्हटलं, वह्या तपासून. ते हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "जरा चालून दाखवा."

"पोहे कुठायत?" मी म्हणाले.

डॉक्टरांना काही कळलं नाही. भाची खो खो हसत सुटली. मी दारापासून खिडकीपर्यंत चालले, वळले, परत आले. या वेळी वळले, कारण समोर काकू नव्हती.

"आईवडील नात्यातले होते का?" त्यांनी विचारलं.

"हो. आमच्यात तशी चाल आहे."

ते लिहीत होते. लिहिता लिहिता पेनाने माझ्या पायांकडे खूण करून म्हणाले, "आणि ही चाल कधीपासून?"

"पणजोबांच्याही आधीपासून असेल," मी म्हटलं.

त्यांनी चमकून वर पाहिलं. "पणजोबांनाही पायांचा त्रास होता?"

दरवर्षी मी फळ्यावर 'चाल' हा शब्द लिहून मुलांना अर्थ विचारते. चालायची ढब, गाण्याची चाल, सोंगट्यांची चाल, कुळाची चाल. मुलं अर्थ सांगतात, मी वाक्यात उपयोग करायला लावते. असा वाक्यात उपयोग मात्र कुणी केला नव्हता. भाची परत हसायला लागली आणि मध्येच थांबली. ती विज्ञान शिकलेली. माझ्या आधी तिच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. डॉक्टरांनी माझं रक्त तपासणीला पाठवलं.

निकाल आला तेव्हाही आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. ही पेशी. तिला बाहेरून पापुद्रा असतो, आतही तसेच पापुद्रे असतात. त्या पापुद्र्यांमध्ये चरबीचे कण असतात, आणि त्यांतल्या काही कणांना साखर चिकटलेली असते. ती साखर योग्य वेळी तोडून वेगळी करायची, हे काम एक एन्झाइम करतं. ते त्या पापुद्र्यालाच धरून बसलेलं असतं. असंच काम करणारं आणखी एक आहे, पण ते पेशीच्या कचरापेटीत असतं आणि तुमचं ते ठीक आहे. तुमच्यात हे पापुद्र्यावरचं काम करत नाही. साखर तुटत नाही, तो माल साठत राहतो आणि पायांकडे जाणाऱ्या लांब मज्जातंतूंचं हळूहळू बिघडतं. लवकर आलेला मोतीबिंदूही त्यातलाच. नेमकं कसं बिघडतं ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.

"एन्झाइमला मराठीत काय म्हणतात?" मी विचारलं.

"विकर," भाची म्हणाली. आमच्या शाळेच्या पुस्तकात तसंच आहे.

"विकर. आणि एक काना दिला की विकार," मी म्हटलं. डॉक्टर या वेळी हसले. खरं तर मला हसायचं नव्हतं. एवढ्या मोठ्या देहाला एका सूक्ष्म गोष्टीने साखर तोडली नाही म्हणून आयुष्यभर पाय ओढावे लागतात, याचा मला संताप आला होता, आणि संतापले की मी व्याकरणात शिरते.

"हे ओल्यावर निजवल्याने होतं का?" मी विचारलं.

"कशावर?"

मी गोण्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मुळीच नाही. हे जन्माच्या आधी ठरलेलं असतं. प्रत्येकाकडे या विकराची कृती दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. तुमच्या आईकडे एक बिघडलेली होती, वडिलांकडेही तीच. दोघांना काही झालं नाही. तुमच्याकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या. एकाच घरातली माणसं असली की हे होण्याची शक्यता वाढते." मग त्यांनी विचारलं, "मुलं?"

"एक मुलगा."

"त्याच्याकडे एक बिघडलेली असणारच. त्याला त्रास होणार नाही. फक्त त्याचं लग्न नात्यात करू नका, किंवा आधी मुलीचं रक्त तपासून घ्या."

माझी फाइल मांडीवर घेऊन भाची शेजारी बसली होती. "मुलगी ही बसलीय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की तिच्यातही ती प्रत निघाली तर दर बाळंतपणाला चारात एक धोका. निघाली नाही, तर निदान या आजारापुरती काळजी नाही. भाचीने तिथेच बाही वर केली. रक्त देताना ती खिडकीबाहेर बघत होती. मला औषध मिळालं ते पाय थोडे सैल पडायचं, आणि व्यायाम. बरं करणारं औषध नाही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि मला ते आवडलं.

परतीच्या वाटेवर पेण लागतं. आई वाटेकडे डोळे लावून बसलेली असणार, तेलाची वाटी तयार असणार. पनवेलहून गाडी सुटली तशी भाची म्हणाली, "आत्या, आजीला काय सांगायचं?"

"निम्मं सांगायचं," मी म्हटलं. "गोण्यांचं सांगायचं. बाकीचं नाही."

बाकीचं सांगायची माझी छाती नव्हती. गोण्यांची चूक तिने इतकी वर्षं वाहिली. ती उतरवून तिच्या जागी तिचं सगळं लग्नच ठेवायचं? तुझा संसार, तुझी आत्या, तू ज्या घरात लहानाची मोठी झाल्यासारखी वावरलीस ते घर, त्यातून हे आलं म्हणून सांगायचं? ऐंशी वर्षांच्या बाईला? मी ठरवलं, नाही.

आईने पाट मांडला होता. मी बसले आणि म्हटलं, "आई, गारठा नाही. डॉक्टर म्हणाले, जन्माआधीच तसं होतं. ओल्या गोण्यांचा काही संबंध नाही."

"गोण्या नाय?"

"नाही."

"मी निजवलं नसतं तरी झालं असतं?"

"झालंच असतं."

ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून इतकी रडली की भट्टीवरून भाऊ धावत आला. मग डोळे पुसून तडक शेजारी गेली. तिचा आवाज आम्हाला घरात ऐकू येत होता. "माझ्या हातून काय झालं नव्हतं हो! डॉक्टरनी सांगितलं!" त्या संध्याकाळी तिने ते आळीभर सांगितलं, जसा आधी गुन्हा सांगायची तसाच. आम्ही निघताना म्हणाली, "आता साखरपुडा लवकर उरका गो. माझं मन मोकळं झालंय."

पण साखरपुडा लवकर उरकता येत नव्हता, तो पुढेच ढकलायचा होता. भाचीचा निकाल यायला काही आठवडे लागणार होते, आणि दोघांनीही ठरवलं होतं की तोपर्यंत काही नाही. "आणि नको तसा आला तर?" मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तर बसून ठरवू. पण आधी बघू." त्याचा चेहरा उतरला होता. दोघं वेगवेगळ्या वेळी कामाला जायला लागली होती, एकमेकांची सवय कमी करायचा सराव केल्यासारखी. घरात कुणी साखरेचा डबा मागितला तरी मला डॉक्टरांचा तो गोल आठवायचा.

भावाला फोनवर सगळं सांगितलं तर तो उखडला. "पत्रिका बघितली, ती जुळली. आता रक्ताची पत्रिका काढलीस होय ताई? आणि आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. ती खचेल." यावर मात्र आमचं एकमत होतं. लांबणीवर टाकायचं कारण म्हणून त्याने आईला सांगितलं, हॉल मिळत नाही.

आई काही कालची नव्हती. "घरी करायचं ठरलेलं, मग हॉल कशाला रे?" तिने विचारलं. मग तिने स्वतःच डोकं चालवलं आणि तिला कारण सापडलं. तिने भावाला भट्टीवर, कामगारांसमोर, फैलावर घेतलं. "बहिणीचे पाय आता जास्त बिघडले म्हणून मागं फिरतोस काय? पोरीला लंगड्या सासूचं करायला लागंल म्हणून?" भाऊ बिचारा पोह्यांच्या धुरळ्यात उभा राहून ऐकत होता. खरं बोलायची सोय नव्हती, खोटं सुचत नव्हतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, ती मला बोलली त्याचं काही नाही. पण मग देवापुढे बसली आणि म्हणाली, माझ्याच हातून पोरीचे पाय गेले असणार, डॉक्टरला काय कळतंय, आता त्याच पायांपायी नातीचं लग्न मोडतंय."

म्हणजे निम्म्या खऱ्याने काही भागलं नव्हतं. गोण्या परत आल्या होत्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी पेणला गेले. एकटीच. गाडी निडीला थांबली, नागोठण्याला थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी मला उतरून परत जावंसं वाटलं. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. पापुद्रा आणि साखर तिला कसं सांगायचं याचा मी वाटेत बराच विचार केला होता, शेवटी भट्टीच उपयोगी आली.

"आई, भट्टीवर भाजायला दोन गडी असतात ना? एक आला नाही तरी दुसऱ्यावर निभावतं?"

"निभावतं. मग?"

"शरीरात एका कामाला असेच दोन असतात. एक आईकडचा, एक बापाकडचा. तुझ्याकडे त्यातला एक कायमचा गैरहजर होता. दुसरा होता म्हणून तुझं कधी अडलं नाही. बाबांचंही तसंच होतं, एक हजर, एक गैरहजर. मला तुझ्याकडूनही गैरहजर मिळाला आणि त्यांच्याकडूनही. माझी भट्टी पेटलीच नाही."

तिचे हात थांबले. "दोघांकडचा तोच कसा गैरहजर?"

"तुम्ही एकाच घरातले म्हणून. तू त्यांच्या मामाची मुलगी म्हणून. आणि या पोरांचंही तसंच नातं आहे. म्हणून तिचं रक्त तपासायला दिलंय. म्हणून साखरपुडा थांबलाय. दादाने पाय पाहून माघार घेतलेली नाही." भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण राग नसेल तेव्हा मी त्याला दादाच म्हणते.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. सुपातले तांदूळ मोजत बसावं तशी मी सुपाकडे बघत होते. आता ती कोसळेल, मग पाणी आणायचं, भावाला हाक मारायची, एवढं सगळं मी मनात लावून ठेवलं होतं.

"म्हणजे ह्यांच्याकडून पण?" ती म्हणाली.

"हो. निम्मं तुझं, निम्मं त्यांचं."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, पण उठली ती ताडकन उठल्यासारखी. पुढच्या खोलीत गेली. तिथे वडिलांचा फोटो आहे, हार घातलेला. मी पाय ओढत मागे गेले.

"ऐकलंत काय?" ती फोटोला म्हणाली. "निम्मं तुमचं हाय."

मग माझ्याकडे वळली. रडत नव्हती, तिचे डोळे रागाने लाल झाले होते. "एकदा गो. एकदा तरी म्हणायचं होतं, एकटीची चूक नाय तुझी म्हणून. मी गावभर सांगत फिरायची, ते हितंच बसलेले असायचे. पेपर वाचायचे! काय लिहिलेलं असायचं एवढं त्या पेपरात?"

वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, ते माणूस म्हणून चांगले होते, मला सायकलवरून शाळेत सोडायचे. पण त्या क्षणी मलाही त्यांचा राग आला, आणि तो आतून आला. पान उलटण्याचा आवाज मलाही आठवत होता.

आई पुन्हा स्वयंपाकघरात गेली आणि सूप ओढून बसली. "पोरीच्या रक्ताचं कळल्याशिवाय साखरेचा पुडा फोडायचा नाय," ती म्हणाली. "आणि दोघांना सांग, कसंही निघालं तरी म्हातारी तोंड वाकडं करणार नाय."

भाचीचा निकाल चांगला आला. तिच्याकडे ती बिघडलेली प्रत नव्हती. या एका आजारापुरतं हे आहे, बाकीची हमी कुणी देत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेवढं आम्हाला पुरे होतं. मुलगा आणि भाची त्या दिवशी परत एका गाडीवरून आली, आणि अंगणात उतरल्या उतरल्या भांडली. मला किती बरं वाटलं ते सांगता यायचं नाही.

साखरपुडा पेणला घरीच झाला. पोहे आमचेच. आईने जमलेल्या बायकांना ठणकावून सांगितलं, "आता आमच्यात चालून दाखवायचं नाय, रक्त दाखवायचं. आणि घरातली पोर घरात करायची ती हीच शेवटची. चाल बंद." बायकांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. त्या हसल्या, आईही हसली.

भाऊ बशा गोळा करता करता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बघ, निकाल चांगला आला. उगाच सांगितलंस आईला. न सांगताही निभावलं असतं." मी त्याला 'दादा' म्हटलं नाही. दुसऱ्याच्या वहीत लाल शाई ओतायचा तो दिवस नव्हता.

दुपारी पाहुणे पांगले. मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि सवयीने पाय लांब केले. आई समोरच बसली होती, पायांकडे बघत. बराच वेळ गेला. ती उठली नाही.

"तेल?" मी विचारलं.

"आता कशाला? तेलानं जायचा गारठाच नव्हता म्हणाला ना तुझा डॉक्टर. आणि माझी चूक पण नाय."

मला एकदम रडू आलं. कितीदा मी त्या वासाला नाकं मुरडली, ओरडले, पाय ओढून घेतले. "चुकीसाठी नको," मी म्हटलं. "नुसतंच लाव. मला सवय आहे."

"व्हय?" तिने विचारलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. वाटीचा आवाज आला, मग वास आला.

तिने माझा उजवा पाय मांडीवर घेतला. या वेळी घासलं नाही, हळू चोळलं, काही काढायचं नसल्यासारखं. तळव्यापर्यंत झालं, तशी तिने पाय खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि वाटी बाजूला सारली.

"हा पाय माझा," ती म्हणाली. "तो ह्यांचा."

पुढच्या खोलीतला फोटो दारातून दिसत होता. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"ते काय आता यायचे नायत," असं म्हणून तिने वाटी परत जवळ ओढली आणि माझा डावा पाय मांडीवर घेतला.